शनिवारचा फोन

अठ्ठ्याण्णव साली बाबांनी मोबाईल फोन घेतला तेव्हा आरोनकाका त्यांना म्हणाले, "सॉलोमन, तुला फोन करणार कोण? तुझ्या ओळखीचे निम्मे इस्रायलला गेले आणि उरलेले खिडकीतून हाक मारली तरी ओ देतात."

"मला कुणी करायला नकोच आहे," बाबा म्हणाले. "मी करणार."

बाबांना फोन करायचे होते ते दहा माणसं जमवायला. आमच्यात दहा पुरुष असल्याशिवाय पुरती प्रार्थना होत नाही. नऊ विद्वान आले तरी होत नाही, दहा अडाणी आले तर होते. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने आम्हाला शनिवार तेली म्हटलं. घाणे कधीच गेले. माझ्या लहानपणी पेणच्या मशिदीत (सिनेगॉगला आमच्याकडे मशीदच म्हणतात) शनिवारी उभं राहायला जागा नसे. मी कॉलेजात गेले तोवर बसायला जागा होती. लग्न होऊन ठाण्याला गेले तोवर आडवं पडायलासुद्धा जागा झाली होती, आणि बाबांना दहावा शोधत फिरावं लागत होतं.

बाबा एस.टी.त कंट्रोलर होते. अख्खी नोकरी पेण स्टँडवर गेली. कुठली गाडी कुठून सुटली, कुठे रखडली, कधी लागेल, एवढंच डोक्यात. निवृत्त झाल्यावर गाड्यांच्या जागी माणसं आली. "नथानियल रोह्याहून सुटला," असं ते शुक्रवारी दुपारी जाहीर करत. "वडखळला अडकणार. आज फाटकाजवळ ट्रक उलटलाय." नथानियल रोहेकर हा आमचा ठरलेला दहावा. रोह्याजवळ धाटावला केमिकल कंपनीत कामाला होता, शिफ्ट जुळली तर यायचा. तो दारात दिसला की बाबा माझ्या लग्नातही हसले नसतील इतके हसत.

माणसं मोजायची रीतही बाबांचीच. आमच्यात डोकी मोजत नाहीत, मोजली की दृष्ट लागते. बाकीचे त्यासाठी दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, एका माणसाला एक शब्द. बाबांना ते लांबण वाटे. ते ओसरीवर जाऊन चपला मोजत. चपलांना दृष्ट लागत नाही. आत येऊन आरोनकाकांना सांगत, "चपला झाल्या," आणि काका सुरू करत. आरोनकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. प्रार्थना तेच चालवत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनला तयार नव्हते. म्हणत, "सगळं तोंडपाठ आहे, बघायचंय काय?"

तर मोबाईल. तो विटेएवढा होता आणि त्याला एक शेंडी होती. घरात रेंज येऊन-जाऊन असे, खात्रीची गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळच होती. बाबा टाकीला पाठ लावून, उजवा हात वर करून उभे राहायचे आणि मोठ्याने बोलायचे. स्टँडवरच्या लाऊडस्पीकरची सवय. समोरच्या आळीतल्या लोकांना कोण येणार, कोण नाही, हे आमच्याआधी कळायचं. येणाऱ्या फोनलाही पैसे पडतात हे त्यांनी मला दोन महिने सांगितलं नव्हतं.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्या की सुटतो. मधल्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, बटण दाबायचं नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी आमची चूल पेटवायला धोंडुबाई यायची. धोंडुबाई खाडीकाठच्या आगऱ्यांच्या वाडीतली. तिचा नवरा जनू मिठागरात कामाला. तिच्या सासूनेही आमच्याकडे हेच केलं होतं. तिला कामं सांगायची नसत, कारण सांगणं म्हणजे स्वतः केल्यासारखंच. बाबा भिंतीकडे बघून म्हणत, "आज गारठा जास्त वाटतो." धोंडुबाई चहा ठेवी.

फोन घेतल्यावर पहिल्याच महिन्यात बाबा एका शुक्रवारी तो बंद करायला विसरले. मी त्या दिवशी पेणला होते, वारलेल्या आईच्या जागी मेणबत्त्या मी लावल्या होत्या, बाबांनी द्राक्षरसाचा पेला हातात घेतला होता, आणि फोन वाजला. बंद करणं म्हणजे बटण दाबणं. बाबांनी पेला धरून ठेवला. फोन वाजत राहिला. मग ते भिंतीला म्हणाले, "काहीतरी वाजतंय वाटतं."

धोंडुबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. फोन उचलला, उलटा धरला, सुलटा केला.

"क्वान? ... नाय, शेट हायत, पन प्रार्थनेत हायत. चांदन्या निघल्यावर फोन करा." आणि ठेवून दिला.

"कोण होतं?" मी विचारलं.

"तेनी ईचारलं नाय, मी सांगनार नाय," धोंडुबाई बाबांकडे बोट दाखवून म्हणाली. "चांदन्या निघल्यावर सांगीन. तुमचाच कायदा."

त्यानंतर बाबा दर शुक्रवारी फोन बंद करायला विसरू लागले. आरोनकाकांनी त्यांना ओसरीवर धरलं.

"हे पाप आहे, सॉलोमन."

"कसलं? मी तिला सांगतो का? फोन वाजतो, ती उचलते. उद्या तिने खिडकी लावली तर वाऱ्याचं पाप मला लागणार?"

"खिडकी तू विकत आणलेली नाहीस महिन्याच्या हप्त्यावर."

पण काकांनाही पुढे सवय झाली. शनिवारी सकाळी मशिदीत ते सहज विचारल्यासारखं म्हणत, "धोंडुबाई काही म्हणाली का रे?" आणि बाबा म्हणत, "चांदण्या निघू दे."

*

बाबा नव्व्याण्णवच्या जानेवारीत गेले. आजारपण फार लांबलं नाही. शेवटच्या आठवड्यात ते मला म्हणाले, "तिसाव्या दिवसाची प्रार्थना पेणला कर. मुंबईला नको."

"मुंबईला माणसं आयती असतात, बाबा."

"म्हणूनच. तिथे दहा जण बसलेलेच असतात. त्यात माझं एक नाव वाचतील आणि पुढे जातील. इथे माझ्यासाठी दहा जण घरातून निघू देत." मग थोडं थांबून म्हणाले, "फोन आहे ना? सगळे नंबर त्यातच आहेत. जमतंय का बघ."

हे ते खोडसाळपणे म्हणाले होते. जन्मभर दुसऱ्यांसाठी दहावा शोधला, आता माझ्यासाठी कोण शोधतो ते बघू, असं काहीतरी. मी त्यांना हो म्हटलं.

पहिल्या सात दिवसांत मुंबईचे नातेवाईक होते, तेव्हा अडलं नाही. ते गेले आणि मी पेणला राहिले. नवरा ठाण्याहून ये-जा करत होता. तो आमच्यातलाच, म्हणून एक आकडा माझ्या घरचा होता. आमचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, त्यामुळे तिसावा दिवस रविवारी सूर्यास्ताला लागत होता. सोमवारी ज्याला त्याला कामावर जायचं, म्हणजे प्रार्थना रविवारी संध्याकाळीच व्हायला हवी होती. बाबांसाठी म्हणायचा कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, आरोनकाका म्हणणार होते. तो मुलाने म्हणायचा असतो, आणि मला भाऊ नाही.

गच्चीवर टाकीला पाठ लावून मी आठवडाभर फोन केले. उजवा हात वर करावा लागतो हे मला पहिल्या दिवशीच कळलं. पेणचे पाच. पनवेलहून दोघे भाऊ, दोघेही साठीपुढचे, शेवटच्या पनवेल गाडीने परत जायच्या अटीवर. माझा नवरा. आरोनकाका. हे नऊ. आणि नथानियल म्हणाला, "ताई, हे विचारायचं असतं का? रविवारी मी मोकळाच आहे. सॉलोमनकाकांच्या वेळी मी नसेन तर कोण असेल?"

शनिवारी दुपारी फोन वाजला. मी पलंगावर पडून पुस्तक वाचत होते. आत धोंडुबाईचा आवाज आला. आधी नेहमीचा, मग चढलेला, मग बराच वेळ नुसतं "व्हय... व्हय... व्हय रे बाबा."

ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता उंबऱ्यावर बसली.

"कोण होतं?"

"चांदन्या निघल्यावर."

"धोंडुबाई, बाबा गेले. मला सांगितलंस तर चालेल."

"शेट गेलं, कायदा गेला का?"

संध्याकाळ होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मीही पुस्तकाचं पान उलटलं नाही. वडखळच्या बाजूला पहिली चांदणी दिसली, मग दुसरी. तिसरीसाठी आम्ही दोघी अंगणात मान वर करून उभ्या होत्या. दिसली तशी ती म्हणाली, "नथूचा फोन व्हता. त्येची पाली बदलली. उद्या दुसरी शिफ्ट. साहेब सोडत नाय. येत नाय तो."

मी खाली बसले.

"आता बसलीस काय गो?" धोंडुबाई म्हणाली. "किती मानसं कमी हायत?"

"एक."

"आनि लागतात किती सगली?"

"दहा. पुरुष."

"मंग मी बगतंय. तू चा पी." आणि ती वहाणा घालून गेली. ती काय बघणार होती ते मी विचारलं नाही. मी गच्चीवर गेले.

त्या रात्री आणि रविवारी सकाळी मी बाबांच्या फोनमधला प्रत्येक नंबर लावून पाहिला. ठाण्याच्या एका मामांनी "नाओमी, तुझा आवाज विहिरीतून येतोय" म्हणून तीनदा फोन ठेवला. चौथ्यांदा ऐकू आलं, तेव्हा म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. अलिबागच्या एकाने आनंदाने होकार दिला आणि मग सहज विचारलं, तेरा वर्षं (आमच्यात पुरुषांत धरायचं वय) पुरी व्हायला दोन महिने कमी असलेला त्याचा मुलगा चालेल का, तो स्वतः तर आज दुबईला निघालाय. एक नंबर बाबांनी नुसता "सॅम्युअल लवकर येतो" या नावाने ठेवला होता. तो फोन एका बाईने उचलला. सॅम्युअल दोन वर्षांपूर्वी हैफाला गेला होता. बाबांना हे माहीत होतं, तरी नंबर काढला नव्हता.

*

रविवारी संध्याकाळी आम्ही मशिदीत होतो. मी मागच्या बाकावर बसले. पनवेलचे दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून एकाच घड्याळात आळीपाळीने बघत होते. आरोनकाका पुढे, धर्मग्रंथ ठेवतात त्या पवित्र कपाटाकडे तोंड करून.

"नऊच," मी त्यांना सांगितलं.

"तुझ्या बापाने एकदा पुलावरून जाणारी वऱ्हाडाची गाडी थांबवून दहावा उतरवला होता," काका म्हणाले. "थांबू या."

ओसरीवर पावलं वाजली. बरीच. माझा नवरा दारापर्यंत गेला आणि परत आला. चेहऱ्यावर काहीच समजत नसल्याचा भाव होता; लहानपणापासून तो मुंबईचा, पेणच्या रिती त्याला नवीन. त्याने जे पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगितलं.

"काका, बाहेर चपला खूप आहेत."

"किती?"

"वीसच्या वर असतील."

आरोनकाकांनी एक श्वास सोडला. "सॉलोमन, सॉलोमन," ते कपाटाकडे बघत म्हणाले. "जमवलेस." आणि त्यांनी दुपारची प्रार्थना सुरू केली, कारण सूर्य अजून होता.

मी वळून पाहिलं. दारातून एकामागून एक माणसं आत येत होती. उन्हात आणि मिठात भाजलेली, इस्त्री केलेल्या शर्टातली, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर चार कोपऱ्यांना गाठी मारलेला रुमाल. एकाच्या रुमालावर गुलाबाची फुलं होती. सगळ्यात पुढे जनू, धोंडुबाईचा नवरा. ते भिंतीला लागून रांगेत उभे राहिले, हात जोडून. दारात धोंडुबाई. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, काम फत्ते झाल्यासारखी.

प्रार्थना सुरू झाली की मध्ये बोलत नाहीत, म्हणून मला हाक मारता येईना. काका म्हणत गेले. एका जागी आमेन म्हणायचं होतं. आमचे नऊ म्हणाले, आणि क्षणभराने भिंतीकडून मिठागराच्या आवाजात, घरं हलतील असं, "आमेन" आलं.

काका थांबले. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी मागे वळून बघत राहिले.

"हा आवाज पनवेलचा नाही," ते म्हणाले.

"नाय, मी जनू."

"जनू? आणि बाकीचे?"

"हा गुनाजी. मिनीडोर चालवतो. हा कालुराम. हा आमचा भाचा..."

"ते कळलं. पण आलात कसे?"

धोंडुबाई पुढे झाली. "कसे म्हंजे? दहा पुरुष पायजेत ना? एक कमी व्हता. म्हटलं एक कशाला, आयनवेली कुनाचं पोट दुखलं तर? पुरं दहा आनले. वर एक जास्त."

नऊ जणांपैकी कोणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं.

"धोंडुबाई," काका सावकाश म्हणाले, "ते आमचे असावे लागतात."

"मंग हे कुनाचे हायत? शेटची मयत उचलली तवा हे व्हते. शेटनी ह्या सगल्यांना स्टँडवर बसायला जागा दिलीय, पावसात. जनूला दवाखान्यात नेला तवा गाडी थांबवली व्हती."

"तसं नाही. आमच्या धर्माचे."

धोंडुबाईने कमरेवर हात ठेवले. "आरोनशेट, एवढी वर्सं मी तुमची चूल पेटवतंय. तवा कुनी धर्म ईचारला नाय. आनि आता आयनवेली सांगता? आधी सांगायचा ना, कसली मानसं पायजेत ती!"

"तिचं बरोबर आहे," पनवेलच्या थोरल्या भावाने घड्याळातून डोकं न काढता मत दिलं.

"बरोबर आहे म्हणून दहा होत नाहीत," धाकटा म्हणाला.

तेवढ्यात धोंडुबाईच्या हातातला फोन वाजला; उचलायचं काम तिचंच, म्हणून मी तो दुपारीच तिच्याकडे दिला होता. मशिदीत बोलण्याइतकी रेंज फक्त ओसरीच्या कोपऱ्यात आणि आत एलियाहू हन्नबीच्या खुर्चीपाशी होती. ही खुर्ची आम्ही पैगंबर एलियाहू येईल म्हणून कायम रिकामी ठेवतो, तिच्यावर कोणी बसत नाही. खिडकी तिच्या मागेच. मी फोन घेऊन तिथे गेले.

"ताई, मी नथानियल. गेटवरच्या फोनवरून बोलतोय. सुरू झालं का?"

"नाही. नऊच आहेत."

"मी काय म्हणतो, फोन तसाच धरून ठेवा. मला इथे सगळं ऐकू येतंय. मी इथून आमेन म्हणतो. झाले दहा."

मी काकांना सांगितलं. सगळे खुर्चीभोवती जमले. आगरीही आले. फोन धरून माझा हात दुखायला लागला तेव्हा मी तो खुर्चीच्या कठड्यावर टेकवला.

"एलियाहूच्या खुर्चीवर नको ठेवू," पनवेलचा थोरला म्हणाला.

"ठेव की," धाकटा म्हणाला. "तो एवढी वर्षं आला नाही. निदान नथानियलचा आवाज तरी आला."

"आवाज पेणला आणि माणूस रोह्याला?" आरोनकाकांनी मान हलवली. ते फोनकडे वाकून, लाऊडस्पीकरवर बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, "नथानियल! दहा पुरुष म्हणजे वीस पाय. तुझे दोन पाय कुठे आहेत?"

"कंपनीच्या बुटात," फोन म्हणाला.

"मग तू तिथेच मोजला गेलास. इथे नाही."

"कंपनी कंची त्याची?" भिंतीकडून प्रश्न आला. विचारणारा काळुराम होता, गुलाबाच्या रुमालाचा. नथानियलने नाव सांगितलं. काळुरामने रुमाल मागे सरकवला. "मी पन तिथंच हाय की. त्येच्याच प्लांटला. नथू रोहेकर म्हंजे तो उंच, टिफीन दुसऱ्याचा खानारा?"

"काळुराम आहे का तिथे?" फोनमधून आवाज आला. "तो मशिदीत काय करतोय?"

"दहावा बनून आलो व्हतो," काळुराम म्हणाला. "मना घेत नाय."

सगळे हसले, आणि काळुरामही हसला. मग हसणं थांबलं, कारण तिथल्या प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट आली होती आणि काळुरामने ती आधी बोलून टाकली. आज त्याची आठवड्याची सुटी होती. तो जाऊन नथानियलच्या जागी उभा राहिला तर साहेबाला काय फरक पडतो? नथानियलने तिथल्या तिथे साहेबाला गाठलं. आम्ही फोन धरून उभे राहिलो. आतून पंख्याचा किंवा यंत्राचा घुंघुं आवाज येत होता. मग नथानियल म्हणाला, "साहेब म्हणतो माणूस आला की सोडतो. त्याआधी नाही."

गुणाजी आपली तीनचाकी मिनीडोर काढायला धावला. त्याच्या गाडीत हमरापूरला गणपतींच्या कारखान्यावर पोचवायच्या प्लास्टरच्या गोण्या होत्या. त्या उतरवायला वेळ नव्हता. काळुराम गोण्यांवर चढून बसला. जाताना त्याने रुमालाची गाठ सोडली नाही. म्हणाला, "ऱ्हाऊ दे, वाऱ्याला बरा."

*

पेणहून रोहा आणि परत. बाबांनी ते तीन शब्दांत सांगितलं असतं, नागोठण्याच्या वळणासकट. आम्ही बसून राहिलो. सूर्य गेला. संध्याकाळची प्रार्थना रात्री उशिरापर्यंत करता येते, त्यामुळे काकांना घाई नव्हती. घाई पनवेलकरांना होती.

"शेवटची गाडी गेली तर?" थोरला म्हणाला.

"तर आमच्याकडे झोपा," जनू म्हणाला. "सुकट खाता ना?"

"आमच्यात खवले असलेलेच मासे चालतात. पण सुकटीला खवले नसतात रे," धाकटा कळवळून म्हणाला.

उरलेले आगरी बाहेर ओसरीवर चपलांच्या ढिगाशेजारी बसले, आमचे काहीजण त्यांच्याशेजारी. आत कोणी प्रार्थना करत नव्हतं, म्हणून बोलायला हरकत नव्हती. एकेक जण बाबांविषयी बोलत गेला. तिसाव्याला माणसाचं चांगलंच बोलावं असा आमच्यात संकेत आहे. आगऱ्यांना तो माहीत नव्हता. जनूने सांगितलं, कंट्रोलरसाहेब एकदा चुकून रोह्याच्या गाडीला अलिबागची पाटी लावून बसले आणि अर्धी गाडी वडखळला उतरून भांडली. एकाने बाबांचा आवाज काढला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, गाडी येणार होती, येते आहे, येईल." तो इतका हुबेहूब होता की आरोनकाका दचकले आणि मग डोळे पुसत बसले. मोतीबिंदूचं पाणी, म्हणाले.

मी मागच्या बाकावरून ओसरीवर गेले होते. फोन धोंडुबाईकडे होता. तो वाजला, तिने ऐकलं आणि माझ्याकडे दिला. गुणाजी वडखळच्या एस.टी.डी. बूथवरून बोलत होता. नाक्यावर कोंडी होती, पण तो कडेकडेने निघत होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "रोहा-पेण गाडी वडखळला आली आहे. थोड्याच वेळात लागेल."

मला तेव्हा कळलं की मी उजवा हात वर धरला होता.

मिनीडोर आली. तिच्यातून जे उतरलं ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरं होतं. गोण्या रस्ताभर फुटल्या होत्या. दिव्याच्या उजेडात तो पांढरा माणूस दारात उभा राहिला, तेव्हा आरोनकाकांनी डोळे बारीक केले.

"कोण आहे? एलियाहू हन्नबी?"

"नथानियल, काका. प्लास्टर आहे."

"त्याच्या खुर्चीवर बसू नकोस, नाहीतर तिथेच सुकशील," काका म्हणाले. "बूट काढ. आधी चपलांत ठेव."

नथानियलने कंपनीचे बूट काढून ओसरीवर इतरांच्या वहाणांशेजारी ठेवले. जनूने ते थोडे बाजूला सरकवले आणि आमच्या नऊ जोड्यांच्या रांगेत लावले. मग म्हणाला, "चपला झाल्या. आता शेट असता तर ह्येच बोलला असता."

आरोनकाकांनी कद्दीश सुरू केला. त्यात मरणाचा एक शब्दही नाही. ती सगळी देवाची स्तुती आहे. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं की मग कद्दीश मेलेल्यांसाठी कसा, तेव्हा ते म्हणाले होते, कारण तो एकट्याने म्हणता येत नाही. दहा जण आमेन म्हणाले. ओसरीवरून उरलेल्यांचं आमेन थोडं मागाहून, थोडं भलत्या जागी येत राहिलं. काका एकदाही थांबले नाहीत. पनवेलचा थोरला डोळे मिटून उभा होता, घड्याळ खिशात.

मी दाराजवळ उभी होते. फोन परत वाजला. आत कोणी वळून पाहिलं नाही. धोंडुबाई कोपऱ्यात गेली, आवाज न करता उचलला.

"क्वान? ... व्हय, सालोमन पेनकरांचाच." ती थांबली. कुणीतरी लांबून बोलत असावं, आवाज मलाही ऐकू येत होता, तुटक, खुशीत. बाबा गेल्याचं माहीत नसलेला आवाज. धोंडुबाईने एकदा आत बघितलं, पुढच्या बाकांकडे, पांढऱ्या नथानियलकडे.

"हायत," ती म्हणाली. "पन प्रार्थनेत हायत. दहा झालेत त्येंचे. चांदन्या निघल्यावर फोन करा."

आणि तिने फोन पदरात गुंडाळून ठेवला. तोवर खाडीपर्यंत सगळं आभाळ चांदण्यांनी भरलं होतं.